डावा पाय, उजव्या हातात काठी

"काका, डोळे मिटा. आता मी तुमच्या घोट्यावर काहीतरी ठेवते. थरथर जाणवली की सांगा."

डॉक्टरबाईंच्या हातात लोखंडी दोन दांड्यांचा एक काटा होता. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. त्यांनी तो तळहातावर आपटला आणि माझ्या यजमानांच्या डाव्या घोट्याच्या हाडावर टेकवला. काटा थरथरत होता. समोरच्या खुर्चीवरून मला तो दिसत होता. हे डोळे मिटून शांत बसून राहिले.

"लावलात काय?" थोड्या वेळाने यांनी विचारले.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग उजवा घोटा झाला, गुडघा झाला. गुडघ्याला थोडेसे कळले. मग त्यांनी रक्ताचे आणि एमआरआयचे रिपोर्ट पुढे ओढले आणि म्हणाल्या, "यांच्या शरीरात बी-ट्वेल्व्ह हे व्हिटॅमिन जवळजवळ संपले आहे. त्यामुळे पायांच्या नसा आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, दोन्हींवर परिणाम झालाय. पायांना जमीन कळत नाही, म्हणून तोल जातो. याला सबॲक्यूट कम्बाइंड डीजनरेशन म्हणतात. नाव मोठे आहे, पण यावर औषध आहे. आणि तुम्ही वेळेत आलात."

मी त्यांना तीन-तीनदा विचारले, हे दारूमुळे नाही ना? त्या म्हणाल्या, "नऊ वर्षे सोडलीय म्हणता ना? मग आताच्या तोल जाण्याचा दारूशी संबंध नाही."

मला आधी सुटल्यासारखे वाटले. लगेच मागून शरम आली. ती का, ते पुढे सांगते.

आम्ही डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला राहतो. माझे माहेर पेडण्याचे, मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझे यजमान गुरुदास मूळचे सावंतवाडीकडचे. विशीत असताना खाणीवर ट्रक चालवायला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या तेव्हा दोन वर्षे घरी बसले. त्या दोन वर्षांत दारू आमच्या घरात आली. नंतर एका सकाळी देवापुढे उभे राहून यांनी ती सोडली. दारूबरोबर मासळीही सोडली, कारण या माणसाच्या ताटात दोन्ही एकत्रच यायच्या. पुढे डिचोली-पणजी मार्गावर खाजगी बस चालवायला लागले. नऊ वर्षे एक थेंब नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी हे कामावरून घरी आले तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठे पडली ते यांना माहीत नव्हते. मी टॉर्च घेऊन रस्त्याने गेले. चप्पल नाक्यावरच्या दुकानासमोर सापडली. दुकानातल्या बाकावरचे दोघे माझ्याकडे बघून गप्प झाले.

मग न्हाणीघरात पडणे सुरू झाले. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की हे भिंतीवर जायचे. उजेडात चालताना फारसे कळायचे नाही, पण दिवेलागणीनंतर पावले रुंद पडायची, लटपटायची. "माका काय्येक झाला नाय," एवढेच उत्तर. पाय बधिर झालेत, कापसावर चालल्यासारखे वाटते, हे कुणालाच सांगितले नाही.

गावाने आपला निष्कर्ष काढला. गुरुदास परत बेबदो झाला, म्हणजे दारुड्या. शाळेत एका पालकाने मला सहानुभूतीने विचारले, "बाई, पुन्हा सुरू झाले का हो?"

आणि मीही तेच करायला लागले. हे घरी आले की पाण्याचा तांब्या घेऊन पुढे जायचे आणि अगदी जवळ उभी राहून श्वास घ्यायचे. वास कधीच आला नाही. तरी मला वाटायचे, वास न येणारे काहीतरी घेत असतील. यांच्या पिशव्या मी तपासल्या. गोठ्यातल्या फळीवर हात फिरवला. असे तीन आठवडे.

एके दिवशी बसच्या शेटने यांना बोलावून चार दिवस आराम करा म्हणून सांगितले. बसस्टँडवर चढताना-उतरताना कुणीतरी यांना झोकांडी खाताना पाहिले होते. हे घरी येऊन सोप्यावर बसले आणि मला म्हणाले, "मी पिऊक नाय गो." मी फक्त म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जाऊया. खरे तर मला रक्त तपासून घ्यायचे होते, दारू आहे का ते बघायला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी यांना पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच हे झाडासारखे कलले. त्यांनी धरले. हसून म्हणाले, "ही दारू नव्हे. ही नस आहे." आणि पणजीजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

तिथे पहिल्या खेपेला डॉक्टरबाईंनी यांचा धंदा विचारला. ड्रायव्हर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले.

"काका, गाडी चालवताना ब्रेकवर पाय आहे हे कळते?"

यांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन म्हयने झाले. ब्रेकार पाय आसा काय नाय, ता माका वाकान बघूचा लागता."

मी हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या नळाकडे बघत बसले. त्या बसमधून आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका रोज येतात. पणजीच्या ऑफिसांत जाणारी निम्मी डिचोली येते.

"आजपासून गाडी बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सायकलसुद्धा नाही."

हे "हो" म्हणाले. मला वाटते, इतक्या दिवसांनी कुणीतरी थांबवले म्हणून यांचे खांदे खाली आले.

बी-ट्वेल्व्ह का संपले, तेही इथे लिहिते, कारण हे तुमच्या घरातही असू शकते. यांना बारा वर्षे डायबिटीस आहे, साखरेची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. ड्रायव्हरचे खाणे अवेळी, म्हणून पित्ताची कॅप्सूलही कित्येक वर्षे रोज सकाळी. या दोन्ही औषधांनी काही जणांच्या पोटात बी-ट्वेल्व्ह नीट शोषले जात नाही. त्यात मासळी बंद, आणि तिच्यामागून अंडीही. यांनी ज्या नवसाने दारू सोडली त्यानेच थोडा घात केला, हे ऐकून मला रडू आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नवस ठेवा. इंजेक्शन मात्र चुकवू नका." मी एवढेच सांगेन, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण वर्षानुवर्षे चालू असतील तर डॉक्टरांना विचारून ही एक तपासणी करून घ्या.

इंजेक्शन लालभडक असते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले चुकून रक्तच भरलेय. आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. नसा भरून यायला महिने लागतात, सगळे परत येईलच असे नाही, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले होते. "तोपर्यंत पडायचे नाही. काठी घ्या."

काठीवरून घरात भांडण झाले. "साठी खंय झाली माझी? बेबदो म्हणतत, आता लंगडो म्हणूंदेत काय?" मी म्हटले, "तुमी घरातल्या घरात तरी घेवा." हे म्हणाले, धरूक भिंत आसा.

शेवटी मीच जाऊन काठी आणली. जत्रेच्या फेरीतल्या दुकानातली, शिसवी, पितळी मुठीची, चकचकीत. मला वाटले रुबाबदार आहे, यांना आवडेल. काठी हा औषधासारखा मोजून घ्यायचा प्रकार आहे हे मला माहीत नव्हते. ती यांना उंच होती. हातात घेतली की उजवा खांदा खाली आणि डावा कानाला लागायचा. डावा पाय जास्त कमजोर, म्हणून काठी डाव्या हातात. सगळ्यांना तेच बरोबर वाटते, आम्हालाही वाटले. खाली टोकाला नुसती पितळी टोपी. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेल्यावर हे चिऱ्याच्या पायऱ्या उतरायला गेले. काठीचे टोक शेवाळावरून सटकले आणि हे काठीसकट खाली.

मी धावले. हे अंगणात बसले होते, कोपर सोललेले. हाड मोडले नव्हते. पण तोंडावरचा रंग गेला होता. "काठीन पाडला माका," म्हणाले. खरेच होते ते.

दुसऱ्या दिवशी डिचोलीला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. शर्मिला तिचे नाव, पस्तिशीची असेल. तिने शिसवी काठी बघितली आणि दाराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

"काका, चपला घालून ताठ उभे राहा. हात मोकळे सोडा." मनगटाची आतली घडी जिथे येते, तिथे तिने जमिनीपासून टेप लावला. "काठीची मूठ इथे यायला हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकले पाहिजे. वापरता त्याच चपला घालून मोजायचे. आता सांगा, कुठला पाय जास्त कमजोर?"

"डावो."

"मग काठी उजव्या हातात."

हे हसले, पहिल्यांदाच. "बाय, चुकतंस तू."

"चालताना डावा पाय पुढे जातो तेव्हा कुठला हात पुढे येतो?"

हे दोन पावले चालले आणि थांबले. उजवा हात. इतकी वर्षे रोज चालत होतो, आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते.

काठी उजव्या हातात. काठी आणि डावा पाय एकदम पुढे, मग उजवा पाय. पायरी चढताना आधी बरा पाय वर, मग कमजोर पाय आणि काठी. उतरताना उलटे, आधी काठी आणि कमजोर पाय. एका बाजूला कठडा असेल तर एक हात कठड्यावरच. हे तिने यांच्याकडून वीस वेळा करून घेतले. मग म्हणाली, "काका, तुम्ही काठीवर भार टाकताय. तुमच्या पायांत ताकद आहे, जमीन कळत नाही एवढेच. काठी हलकी टेकवा. जमीन हाताला कळू द्या."

यांनी काठी हलकी टेकवली. डोळे बारीक करून उभे राहिले. मग म्हणाले, "खरांच गो. हातात येता."

म्हापशाला औषधांच्या एका मोठ्या दुकानात तशा काठ्या मिळतात असे तिने सांगितले. आम्ही बसने गेलो. ही आमची बस नव्हती, तरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून हे सारा वेळ त्याच्या पायांकडे बघत होते.

दुकानदाराने चार काठ्या टेबलावर ठेवल्या. एक चार पायांची होती. ती स्थिर, पण आमच्या खडबडीत अंगणात तिचे चारही पाय एकदम टेकणार नाहीत, असे शर्मिलाने आधीच सांगितले होते. एक गोल वाकड्या मुठीची, छत्रीसारखी. यांनी ती धरली आणि म्हणाले, बोटे सुटतात. एक फारच जड. चौथी ॲल्युमिनियमची, तळहात सपाट बसेल अशा मुठीची, खाली भोके आणि एक बटण, बटण दाबून उंची कमी-जास्त करायची. यांनी मूठ धरली, अंगठा फिरवला, पुढे-मागे ढकलून पाहिले.

"ही बरी. गियरासारखी हातात बसता."

मी पिशवीतून टेप काढला. दुकानातच यांना ताठ उभे करून मनगटाची घडी मोजली. दुकानदार हसला, पण त्यानेही बटण दाबून दोनदा उंची बदलून दिली. खाली रुंद रबरी बूच होते. जास्तीचे एक आम्ही मागून घेतले. बूच झिजून गुळगुळीत झाले की काठी निसरडी होते. ओल्या लादीवर तर नवे बूचही पुसून टेकवावे. मी दर महिन्याला, इंजेक्शनच्या दिवशीच, ते उलटे करून बघते.

पहिला महिना घरातच. सोपा, अंगण, न्हाणीघर. न्हाणीघरात मी भिंतीला दांडी बसवून घेतली आणि स्टूल ठेवले, म्हणजे बसून, डोळे मिटून, तोंड धुता येते. पायपुसणी सगळी उचलली. शर्मिलाने सांगितले होते, चालताना पायांकडे बघू नका, समोर बघा. ते सर्वांत कठीण गेले. दोन महिने ब्रेक शोधत खाली बघायची सवय लागली होती.

मग बाजाराच्या दिवशी हे म्हणाले, डिचोलीला जाऊया. मी शाळेतून रजा घेतली. बसस्टँडवर उतरलो. काठी, डावा पाय. उजवा पाय. नाक्यापासून मासळी बाजारापर्यंत पाच जण भेटले. पाचही जण थांबले. "अरे गुरुदास, काय झाला?" "पायाक काय झाला रे?" कुणी हात धरला, कुणी दुकानातले स्टूल पुढे केले. हीच माणसे दोन महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर यांना लटपटताना पाहून नजर वळवायची. चाल तशीच होती. फक्त आता हातात काठी होती.

घरी येताना बसमध्ये यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. मग म्हणाले, "आधीच घेवक होयी होती."

काही दिवसांनी यांच्या बसचा कंडक्टर विठू घरी आला. सोप्यावर बसला, चहा घेतला, कप हातात फिरवत राहिला.

"दादा, शेटाक मीच सांगलंय. माका वाटला तुमी परत घेतास. तुमच्या पोटार पाय दिलंय मी."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला भीती वाटली, हे चिडतील. यांनी काठी भिंतीला टेकवली.

"बरा केलंस," म्हणाले. "तू गप रवलो असतस तर मी अजून स्टेअरिंगार असतंय. चाळीस माणसां घेऊन. उतारार एक दिवस पाय ब्रेकार नसतो. तेव्हा काय केला असता मी?"

विठू रडला. यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला दुसरा चहा टाकायला सांगितले.

त्या दिवशी विठू गेल्यावर मला बोलल्याशिवाय राहवेना. मी यांना सांगितले, मी तुमच्या तोंडाचा वास घ्यायचे. तुमच्या पिशव्या बघितल्या. गोठ्यात शोधले.

"माका म्हायती होता," हे म्हणाले. "तांबयो घेऊन इतक्या जवळ तू लग्न झाल्यापासून कधी येऊक नाय."

मी हसले आणि रडले, दोन्ही. यांनी पुढे काही काढले नाही, आजपर्यंत नाही.

आता वर्ष उलटून गेलेय. शेटने यांना परत घेतले, गाडीवर नाही, डिचोली स्टँडवर. कुठली बस कधी सुटायची ते हे बघतात. काठी टेकून उभे राहतात आणि ड्रायव्हर पोरे यांना घाबरतात. ड्रायव्हिंगचे विचारले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रवासी गाडी आता नको. हे म्हणाले, माका पण नको.

ज्या घरात कुणी तोल जाऊन पडू लागलेय, पायातली चप्पल निसटलेली कळत नाहीये, डोळे मिटले की कलतेय, त्या घरातल्या माणसांना माझे सांगणे आहे. आधी डॉक्टरकडे चला, संशय नंतर. आणि काठी सांगितली तर लगेच घ्या, मोजून घ्या, बरोबर हातात घ्या. ती घेतली म्हणून कुणी म्हातारे होत नाही. आमच्या घरात ती आली तेव्हा अकारण जोडलेले एक वाईट नाव गेले. आरोग्य केंद्रातले ते डॉक्टर, नसांच्या डॉक्टरबाई, शर्मिला आणि विठू, या चौघांचे ऋण मी मानते.

परवा रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते. अंगणातून यांची हाक आली, मोठ्याने, माझ्या नावाने. मी तवा तसाच ठेवून धावले. पुन्हा पडले, हेच डोक्यात.

हे तुळशीजवळ एका पायावर उभे होते, काठी उजव्या हातात घट्ट धरून, डावा पाय वर. चप्पल दारातच राहिली होती. अनवाणी चालायचे नाही हे यांना शंभर वेळा सांगितलेय, ते बोलायला मी तोंड उघडले.

"खडो टोचलो," हे म्हणाले. "सुनंदा, माका खडो टोचलो!"

मी खाली बसून तळवा पाहिला. मधोमध एक लाल ठिपका होता. मी त्यावर बोट दाबले.

"आवय गे!" हे ओरडले, आणि आम्ही दोघेही तिथेच तुळशीच्या कट्ट्याला टेकून हसत सुटलो.